प्रीमियर पद्मिनी

प्रीमियर पद्मिनी ही मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्स लिमिटेड या कंपनीने इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानुसार तयार केलेली चार दारांची प्रवासी मोटार होय. १९६४ साली ती 'फियाट ११०० डिलाइट' या नावाने भारतात आली आणि १९७४ पासून 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकली जाऊ लागली. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर धावत होती. मुंबईविषयीच्या स्मरणरंजनात या गाडीला विशेष स्थान आहे.

इतिहास

उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. १९५० च्या दशकात कंपनीने फियाटच्या गाड्या भारतात आणल्या. त्या काळातील गोलसर, फुगीर आकाराच्या फियाट ११०० ला महाराष्ट्रात 'डुक्कर फियाट' असे गमतीदार नाव पडले. तिच्यानंतर आलेल्या, तुलनेने सरळ रेषांच्या गाडीचे पुढे 'पद्मिनी' असे नामकरण झाले. हे नाव चितोडच्या राणी पद्मिनीवरून घेतल्याचे सांगितले जाते. 'पद्मिनी' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ कमलिनी असा आहे. नाव बदलले तरी लोकांच्या तोंडी मात्र 'फियाट' हेच नाव राहिले.

रचना

गाडीला १०८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबालाच जोडलेला असल्याने पुढची बैठक सलग बाकासारखी ठेवता येत असे आणि चालकाशेजारी दोघांना बसता येई. पुढच्या दारांच्या काचांना लागून असलेली छोटी त्रिकोणी काच फिरवली की वारा थेट आत येई. वातानुकूलन नसलेल्या काळात तिचा मोठा उपयोग होता. थंडीच्या सकाळी चोक ओढल्याशिवाय इंजिन सहज सुरू होत नसे. यंत्ररचना सोपी असल्यामुळे रस्त्याकडेच्या गॅरेजातही गाडी दुरुस्त होत असे.

मुंबईची टॅक्सी

अँबॅसडरपेक्षा आकाराने लहान व वजनाने हलकी असल्याने ही गाडी मुंबईच्या अरुंद, गजबजलेल्या रस्त्यांना सोयीची ठरली. कारखाना कुर्ल्यात असल्यामुळे सुटे भागही शहरात सहज मिळत. त्यामुळे कोलकात्यात अँबॅसडर, तर मुंबईत फियाट, अशी टॅक्सींची ओळख रूढ झाली.

टॅक्सीचे छत पिवळे व खालचा भाग काळा असे. टपावरील कॅरिअरवर ट्रंका आणि वळकट्या बांधल्या जात. भाडे मोजणारे यांत्रिक मीटर गाडीच्या बाहेर, पुढे डाव्या बाजूस बसवलेले असे. प्रवास सुरू होताना चालक हात बाहेर काढून त्याची पट्टी खाली फिरवी. 'मीटर टाकणे' किंवा 'मीटर डाऊन' हे शब्दप्रयोग त्यावरूनच रूढ झाले. भाडेवाढ झाली तरी मीटरवर जुनेच आकडे दिसत. म्हणून प्रत्यक्ष भाडे ठरवण्यासाठी छापील दरपत्रक पाहावे लागे. आतील छताला फुलाफुलांचे कापड वा प्लास्टिक लावून गाडी सजवण्याची हौस अनेक चालकांना होती. 'गमन' (१९७८) आणि 'टॅक्सी नंबर ९२११' (२००६) या हिंदी चित्रपटांच्या केंद्रस्थानी मुंबईचा टॅक्सीचालकच आहे.

ऱ्हास आणि अखेर

परवाना पद्धतीच्या काळात भारतात मोटार बनवणारे कारखाने मोजकेच होते. नोंदणी केल्यानंतर गाडी हाती येण्यास कित्येक वर्षे लागत. स्पर्धा नसल्याने रचनेत फारशी सुधारणाही झाली नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आल्यावर ग्राहकांना प्रथमच खरा पर्याय मिळाला. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर परदेशी कंपन्या आल्या आणि शतक संपता संपता पद्मिनीचे उत्पादन थांबले.

टॅक्सी म्हणून ती त्यानंतरही टिकली. मुंबईतील टॅक्सींसाठी २००८ मध्ये २५ वर्षांची व २०१३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा ठरवण्यात आली. ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव परिवहन कार्यालयात नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ अखेर संपली. त्याआधी, सप्टेंबर २०२३ मध्ये, बेस्टची जुनी डिझेल दुमजली बसही सेवेतून गेली होती. काळ्या-पिवळ्या रंगाच्या टॅक्सी मात्र अन्य गाड्यांच्या रूपात चालू आहेत.

स्मरणरंजन

पद्मिनीविषयीच्या आठवणी दोन प्रकारच्या आहेत. मध्यमवर्गीय कुटुंबासाठी ती बहुधा घरातील पहिली गाडी होती. दीर्घ प्रतीक्षेनंतर मिळालेली म्हणून जपून वापरलेली, आणि सगळ्यांना दाटीवाटीने बसवून गावी नेणारी. टॅक्सीचालकासाठी ती उपजीविकेचे साधन होती. तिच्या अखेरच्या काळात अवघड झालेले सुटे भाग, वाढता दुरुस्तीखर्च आणि उकाड्यातले तास या गोष्टीही त्याच्या आठवणींचा भाग आहेत. प्रवाशाला जो साधेपणा आज हवाहवासा वाटतो, त्यामागे पर्यायांचा अभाव होता, हेही विसरता येत नाही.

किमान एक पद्मिनी टॅक्सी जतन करावी, अशी मागणी मुंबईतील टॅक्सीचालकांच्या संघटनेने शासनाकडे केली होती. काही हौशी मालकांनी आपल्या खासगी पद्मिनी गाड्या चालू स्थितीत जपल्या आहेत.