शामायची कोन्सुआद

डिसेंबरचा दुसरा आठवडा सरला, की गोव्यातील ख्रिस्ती घरांत नारळ फुटू लागतात. घराच्या एका कोपऱ्यात पसरट भांड्यातील मातीत नाचणी पेरलेली असते. तिचे कोवळे हिरवे अंकुर पुढे बाळ येशूच्या गोठ्यातील कुरण होणार असतात. अंगणात बांबूच्या काड्यांचा आणि रंगीत कागदाचा तारा तयार होत असतो. स्वयंपाकघराचा ताबा मात्र या दिवसांत एकाच व्यक्तीकडे असतो. ती म्हणजे 'शामाय', अर्थात आजी.

नाताळ हा शब्दच मराठी आणि कोकणीत पोर्तुगीजांकडून आला. 'नाताल' म्हणजे जन्म. याच सणाच्या गोडधोडाच्या ताटाला गोव्यात 'कोन्सुआद' म्हणतात. मंगळूरच्या कॅथलिक घरांत त्यालाच 'कुस्वार' असे नाव आहे. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ नाताळच्या पूर्वसंध्येचे कौटुंबिक भोजन असा होतो. गोव्यात येऊन तो शेजाऱ्यांना पाठवायच्या ताटाला चिकटला. या अर्थांतरात गोव्याच्या समाजजीवनाचे मर्म दडले आहे.

१५१० ते १९६१ या साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज सत्तेत गोव्यातील अनेकांचा धर्म बदलला, पण माड, भातशेती आणि गूळ तेच राहिले. त्यामुळे या ताटात दोन परंपरा शेजारी शेजारी बसलेल्या दिसतात. चवथीला हिंदू घरांत होणाऱ्या नेवऱ्या, म्हणजे आपल्या करंज्या, नाताळात ख्रिस्ती घरांतही होतात. चण्याची डाळ आणि खोबऱ्याचा 'दोस' आपल्या वडीशी नाते सांगतो. दुसरीकडे अंड्याच्या बलकाचा सढळ वापर आणि भाजण्याचे तंत्र ही युरोपीय देणगी. बेबिंकात या दोहोंचा संगम होतो. नारळाचे दूध, बलक, साखर, पीठ, तूप आणि जायफळ यांच्या मिश्रणाचा एक थर भाजून तांबूस झाला, की त्यावर तूप सोडून दुसरा थर ओतायचा. पारंपरिक पद्धतीत झाकणावर निखारे ठेवून वरून आंच देतात. सात थरांच्या बेबिंकाला काही तास सहज लागतात. २०२३ साली या पदार्थाला भौगोलिक मानांकनही मिळाले.

ताटातील पदार्थांची निवड केवळ चवीसाठी नसते. ते टिकले पाहिजेत, कारण आठवडाभर आधी सुरुवात केल्याशिवाय काम उरकत नाही. पेरूचे 'पेराद' हे त्याचे उत्तम उदाहरण. पेरूच्या गरात घट्टपणा आणणारे पेक्टिन भरपूर असते. साखर व लिंबाच्या रसासह गर आटवला, की पाणी उडते आणि वडी पडते. एवढ्या साखरेत जंतूंची वाढ होत नाही. दोदोलचेही तसेच. तांदळाचे पीठ, माडाचा गूळ आणि नारळाचे दूध एकत्र करून तूप सुटेपर्यंत हलवत राहावे लागते. हात थांबला, की खाली लागलेच. म्हणून कालथा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. मुलांच्या वाट्याला कलकल येतात. कणकेची छोटी गोळी काट्यावर किंवा कोऱ्या फणीवर दाबून गुंडाळली, की शिंपल्यासारखा आकार येतो आणि मग ती तळतात. शामाय सांगते आणि तीन पिढ्या तिचे ऐकतात, ते बहुधा वर्षातून याच दिवसांत.

मध्यरात्रीचा 'मिसा द गालो' आटोपल्यावर ही ताटे स्वच्छ कापडाने झाकून घरोघर निघतात. हिंदू शेजाऱ्यांनाही ती जातात आणि दिवाळीत त्यांच्याकडून फराळ येतो. ज्या घरात वर्षभरात मृत्यू झाला असेल, तेथे गोडाधोडाची कढई चढत नाही. त्या घरी शेजारी ताट पोहोचवतात. आपल्याकडे दुखवट्याच्या घरी आप्तेष्ट फराळ नेतात, त्यामागची भावना हीच. ताट कोणाकडून आले आणि कोणाकडून आले नाही, यावरून गावाला एकमेकांचे सुखदुःख कळते.

आज चित्र बदलते आहे. मुले-नातवंडे नोकरीनिमित्त मुंबईत, आखातात वा इंग्लंडमध्ये असतात, आणि दोदोल हलवायला घरात पुरेसे हात नसतात. बेकरीतून तयार खोकी येतात. त्यांत गैर काहीच नाही, कारण हे कष्ट वर्षानुवर्षे घरातील स्त्रियांनीच उपसले. त्यातून त्यांची सुटका होत असेल, तर तिचे स्वागतच करावे. मात्र खोके आपल्याला हवे त्याच्यासाठी विकत घेतले जाते, तर ताट यादीत कोणी राहिले का, हे आठवून भरले जाते. शामाय गेली, की पाककृतीबरोबर ती यादीही जाते.

म्हणून या पाककृती वेळीच लिहून ठेवणे अगत्याचे आहे. शामायची मापे 'मूठभर', 'अंदाजाने', 'सुटेपर्यंत' अशी असतात. ती मूठ एकदा तराजूत तोलून कागदावर उतरवावी. त्याच कागदाच्या पाठीमागे, ताट कोणाकोणाच्या दारी जात असे, तेही लिहावे. पहिला भाग पुस्तकांतही सापडू शकेल. दुसरा फक्त तिलाच ठाऊक असतो.