पांझरेच्या काठावरून जपानपर्यंत

धुळे शहर आणि देवपूर यांच्यामधून वाहणारी पांझरा नदी खानदेशच्या शेतीला शतकानुशतके पाणी पुरवीत आली आहे. या नदीच्या खोऱ्यात नोकरीची उमेदवारीची वर्षे घालविणाऱ्या एका तरुण अभियंत्याने पुढे जपानचा प्रवास केला. तो केवळ स्थलदर्शनासाठी नव्हता. म्हणूनच त्याचे स्मरण आजही उद्बोधक ठरते.

हे अभियंते म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. पुण्याच्या सायन्स कॉलेजमधून १८८३ मध्ये अभियांत्रिकीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर १८८४ मध्ये ते मुंबई प्रांताच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. पांझरेच्या एका प्रवाहातून पाण्याचा नळ पलीकडे नेण्याचे काम त्यांच्याकडे आले. पावसाळ्यामुळे काम तूर्त थांबवावे, असे त्यांना प्रथम वाटले; परंतु अखेर त्यांनी ते नेटाने तडीस नेले. याच खोऱ्यात फड पद्धती नांदत होती. बंधाऱ्याने वळविलेले पाणी, एका फडात एकच पीक आणि वाटपाची व्यवस्था शेतकऱ्यांच्याच हाती, असे तिचे स्वरूप. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी विश्वेश्वरय्यांनी सुचविलेल्या गटवार सिंचनाशी तिचे साम्य सहज ध्यानात येते.

१८९८ मध्ये ते जपानला गेले. १८६८ च्या मेजी सत्तांतराला तेव्हा तीसच वर्षे झाली होती. १८७२ मध्ये तेथे पहिली रेल्वे धावली आणि त्याच वर्षी प्राथमिक शिक्षण सर्वांपर्यंत नेण्याचा आदेश निघाला. भारतात रेल्वे १८५३ मध्येच आली होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. देवालयांसाठी विख्यात असलेल्या क्योतो नगरीत बिवा सरोवराचे पाणी डोंगर पोखरून आणणारा कालवा १८९० मध्ये पूर्ण झाला. त्या पाण्यावर वीज निर्माण होऊ लागली आणि १८९५ मध्ये नगरात विजेची ट्राम सुरू झाली. या कालव्याचा विटांचा जलसेतू नान्झेनजी या प्राचीन मंदिराच्या आवारातून जातो. जुने न मोडता नवे उभारण्याचे हे बोलके उदाहरण होय.

विश्वेश्वरय्यांनी जपानच्या प्रगतीचे मूळ शिक्षण व उद्योग यांत पाहिले. १९१२ मध्ये ते म्हैसूर संस्थानचे दिवाण झाले. १९१३ मध्ये तेथे प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचा कायदा झाला, त्याच वर्षी म्हैसूर बँक आणि १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ स्थापन झाले. या सर्वांचे श्रेय एकट्या जपानला देता येणार नाही. तथापि त्या प्रवासातील निरीक्षणे त्यांच्या विचारांतून कधी पुसली गेली नाहीत. दिवाणपद सोडल्यावर ते पुन्हा जपानला गेले. १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारताच्या पुनर्रचनेवरील त्यांच्या इंग्रजी ग्रंथात जपानशी केलेली तुलना वारंवार आढळते.

आज पंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि अधिकारी अभ्यासदौऱ्यांवर जातात. परतताना छायाचित्रे येतात, स्मरणवस्तू येतात. मात्र पाहिलेल्या गोष्टींपैकी आपल्या गावच्या मातीत काय रुजेल, हा प्रश्न अनेकदा मागेच राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी प्रथम आपली नदी, आपली शाळा आणि आपला बंधारा नीट पाहिलेला असावा लागतो. विश्वेश्वरय्यांनी जपान पाहिला, त्याआधी त्यांनी पांझरा पाहिली होती.