मैदानावरचा मित्र अचानक गेला, तर पुन्हा खेळायचं कसं?

तारीख होती २५ नोव्हेंबर २०१४. सिडनीच्या मैदानावर फिलिप ह्यूज ६३ धावांवर खेळत होता. शॉन अ‍ॅबटचा बाउन्सर हुकला आणि हेल्मेटच्या खाली मानेवर आदळला. ह्यूज कोसळला तो उठलाच नाही. दोन दिवसांनी तो गेला. सव्विसावा वाढदिवस तीन दिवसांवर आला होता.

त्या वेळी क्षेत्ररक्षण करत होते डेव्हिड वॉर्नर, ब्रॅड हॅडिन, शेन वॉटसन, नेथन लायन. सगळे त्याचे जुने साथीदार. आणि दोनच आठवड्यांनी याच चौघांना भारताविरुद्ध कसोटी खेळायची होती. ती ४ डिसेंबरला ब्रिस्बेनमध्ये सुरू होणार होती, पण ३ तारखेला ह्यूजचा अंत्यविधी होता. मग ९ डिसेंबरपासून अ‍ॅडलेडमध्ये सामना घ्यायचं ठरलं.

एवढ्या लवकर खेळायचं का? याचं उत्तर प्रत्येकाचं वेगळं निघालं.

वॉर्नरने शतक केलं, पण मध्येच ६३ धावा झाल्यावर थांबून आकाशाकडे बॅट उंचावली. मिचेल जॉन्सनचा पहिलाच चेंडू विराट कोहलीच्या हेल्मेटवर बसला, तेव्हा ऑस्ट्रेलियाचे खेळाडू घाबरून त्याच्याकडे धावले. जखम ताजी होती. लायनने त्या सामन्यात १२ बळी घेतले. कर्णधार मायकल क्लार्क ह्यूजला धाकटा भाऊ मानायचा. त्यानेही शतक ठोकलं. पण आपण तेव्हाच थांबायला हवं होतं, असं तो पुढे म्हणाला. बाहेरून दिसणारी शतकं आतलं काही सांगत नाहीत, ती अशी.

आणि अ‍ॅबट? त्याचं वय तेव्हा अवघं २२. तो ९ डिसेंबरला त्याच मैदानावर परतला आणि दुसऱ्या डावात १४ धावांत ६ बळी घेतले. २०१६ मध्ये चौकशीचा निकाल आला, त्यातही कुणावर ठपका नव्हता.

शारजात पाकिस्तान-न्यूझीलंड कसोटीचा एक दिवसाचा खेळ या बातमीमुळे थांबवला होता. न्यूझीलंडच्या खेळाडूंना खेळायची इच्छाच नव्हती. त्यांचे मानसिक प्रशिक्षक गिल्बर्ट एनोका यांनी सांगितलं ते साधं होतं : आता कसं वागायचं याचा बरोबर किंवा चूक असा नियम नाही. मग संघाने बाउन्सर टाकले नाहीत, विकेट पडल्यावर जल्लोष केला नाही. कर्णधार ब्रेंडन मॅकलमने २०२ धावा केल्या.

हे झालं व्यावसायिक खेळाडूंचं. त्यांच्या दिमतीला समुपदेशक होते. रविवारी सकाळी टेनिस बॉलने खेळणाऱ्या, सोबत धावणाऱ्या किंवा गड चढणाऱ्या मित्रांचं काय? नातं नाही, त्यामुळे सुतक नाही. ऑफिसात रजा मागायची तर ‘कोण लागत होता?’ हा प्रश्न. अशा मान्यता न मिळालेल्या दुःखाला अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये नाव दिलं. मराठीत त्याला ‘हक्क नसलेला शोक’ म्हणता येईल. ही मैत्रीही विचित्र असते. त्याचा स्वीप कुठे जाणार हे पाठ असतं, घरचा पत्ता माहीत नसतो. म्हणूनच आठवण घरी कमी आणि मैदानावर जास्त येते, नेमकी खेळाच्या वेळी.

अशा वेळी ग्रुपवर दोन ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ टाकून पुढच्या मॅचची टीम जाहीर करू नये. एखाद्या रविवारी नुसतं मैदानावर जमून चहा घेतला तरी चालतं. कुणाला लगेच खेळायचं असेल तर खेळू द्यावं, कुणी दोन महिने आला नाही तर टोमणे मारू नयेत. मित्र डोळ्यांदेखत कोसळला असेल तर ते दृश्य पुन्हा पुन्हा समोर येणं, झोप उडणं स्वाभाविक आहे. काही आठवड्यांनीही ते थांबलं नाही, तर डॉक्टरांना किंवा समुपदेशकाला भेटावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास सुरू असते.

आणि मैदानावर पडतानाचा व्हिडिओ हाती आला, तर तो फॉरवर्ड करू नये. ह्यूजच्या वेळी लोकांनी वेगळं काही केलं होतं. घराच्या दाराबाहेर बॅट उभी करून ठेवायची, वर टोपी अडकवायची आणि फोटो टाकायचा. जगभरातून असे फोटो आले. त्यातल्या कित्येक बॅट गल्लीत खेळायच्या, टेप गुंडाळलेल्या होत्या.