बैलाच्या शिंगाचा कर्करोग

बैल वारंवार डोके हलवू लागला, मान एका बाजूस कलती ठेवू लागला अथवा शिंग खुंट्यावर घासू लागला, तर ती खोड समजून दुर्लक्ष करू नये. शिंगाच्या कर्करोगाची ही प्रारंभीची लक्षणे असू शकतात. साधारणतः ५ ते १० वर्षे वयाच्या, म्हणजे ऐन कामाच्या बैलांत हा रोग अधिक आढळतो.

शिंगाच्या आतील पोकळीच्या अस्तरात गाठ उत्पन्न होत असल्याने आरंभी बाहेरून काही दिसत नाही. पुढे शिंगाचे मूळ मऊ पडते, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो व शिंग झुकते. अखेरीस शिंग गळून तेथे फुलकोबीसारखी, सहज रक्त येणारी वाढ दिसते. तीत अळ्याही पडतात.

मार लागूनही शिंग हलते. परंतु ती जखम उपचाराने भरते. कर्करोगाची वाढ पसरतच राहते. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर निदान निश्चित होते.

डाग देण्यात वा लेप लावण्यात दिवस दवडू नयेत. शिंग झुकण्यापूर्वीच बैल पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. वेळीच शस्त्रक्रिया झाल्यास तो पुन्हा जुवाखाली येण्याची आशा असते. शिंग गळेपर्यंत थांबल्यास ती फार थोडी उरते.