बोट थांबायची तेव्हा

कासारवाडीला समुद्र नाही. पवना आहे, लोणावळा लोकलचं स्टेशन आहे, नाशिक फाट्याचा उड्डाणपूल आहे आणि २०२२पासून मेट्रोही आहे. तरी इथल्या कितीतरी घरांत हर्णै, जयगड, मुसाकाजी, विजयदुर्ग ही नावं रोजच्या बोलण्यात येतात. पिंपरी-भोसरीच्या कारखान्यांत नोकरीला आलेली कोकणातली कुटुंबं आता गणपतीला कुंभार्ली नाहीतर आंबा घाट उतरून गावी जातात. त्यांच्या आधीची पिढी मुंबईहून बोटीने जायची.

आमच्या इमारतीतले काका-काकू अलीकडे मुंबई-गोवा क्रूझला जाऊन आले. मुलाने हौसेने तिकिटं काढून दिली होती. जेवण, नाचगाणी, गार खोली, सगळं उत्तम होतं. काकूंना सांगायचं होतं ते मात्र वेगळंच. लग्नानंतर सासरी जाताना त्या ‘कोकण सेवक’ बोटीने विजयदुर्गला उतरल्या होत्या, आणि या खेपेला ते बंदर कुठून गेलं तेही कळलं नाही. रात्री दोघं कठड्याशी उभे राहून किनाऱ्यावरचे दिवे ओळखू पाहत होते. बोट थांबली नाही. थांबणारही नव्हती, तिच्या वेळापत्रकात ते नव्हतंच.

जुन्या बोटीचं सगळं वेळापत्रक म्हणजे थांबेच असायचे. मुंबई सोडली की हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला, शेवटी पणजी. फेरीप्रमाणे एखादं बंदर गळायचं, एवढंच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून या किनाऱ्यावर आगबोटी धावत होत्या. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीला लोक ‘शेफर्ड कंपनी’ म्हणत. तिच्याशी टक्कर द्यायला स्वदेशीच्या काळात सहकारी भांडवलातून जी कंपनी उभी राहिली, तिचं लोकांच्या तोंडी बसलेलं नाव होतं ‘माझी आगबोट कंपनी’. स्वातंत्र्यानंतर चौगुले आणि पुढे मोगल लाइन यांच्या बोटी आल्या. ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावं आजही साठी-सत्तरीतल्या माणसांना तोंडपाठ आहेत.

हा थांबा कसा असे, ते नीट सांगायला हवं. कोकणातली बहुतेक बंदरं खाडीच्या तोंडाशी आहेत. तिथे गाळ साचतो, पाणी उथळ होतं, त्यामुळे मोठी बोट धक्क्याला लागायची नाही. ती बाहेर खोल पाण्यात नांगर टाकून भोंगा द्यायची. मग किनाऱ्यावरून पडाव निघायचे, रात्र असेल तर कंदील घेऊन. पडाव बोटीच्या कुशीला आला की खरी कसोटी लागे. लाटेने पडाव वर येईल त्या क्षणी पाय टाकायचा, तो खाली जात असताना नाही. खलाशी दंडाला धरून माणूस अलगद खाली घेत. आधी म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या, मग ट्रंका, वळकट्या, टपालाच्या थैल्या. काकूंनी नऊवारीचा काष्टा घट्ट खोवला होता, आणि रात्रभर बोट लागल्यामुळे हातातलं लिंबू तेवढं सोडलं नव्हतं. परतीच्या बोटीवर एप्रिल-मेमध्ये हापूसच्या पेट्या चढायच्या.

तासा-दीड तासाच्या या थांब्यावर गावातले तांडेल, हमाल, गाडीवान, खाणावळवाले जगत. दाभोळला उतरलेला माणूस लाँचने वाशिष्ठीतून गोवळकोटला, म्हणजे चिपळूणच्या दारात पोचायचा. मुसाकाजीचा राजापूरला. बंदर हे गावाचं तोंड होतं, आणि आतला सगळा मुलूख त्यातूनच श्वास घ्यायचा.

रत्नागिरीच्या बंदरात उतरलेलं सर्वांत दुर्दैवी जोडपं म्हणजे ब्रह्मदेशाचा राजा थिबा आणि राणी सुपयालत. १८८५च्या युद्धानंतर इंग्रजांनी त्यांना पदच्युत केलं आणि मद्रासमार्गे १८८६च्या एप्रिलमध्ये समुद्रातूनच इथे आणलं. थिबा परत गेलाच नाही. डिसेंबर १९१६मध्ये तो रत्नागिरीतच वारला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा आजही खाडीकडे तोंड करून उभा आहे.

या वाटेचं कौतुक करताना तिने घेतलेले जीवही सांगायलाच हवेत. ११ नोव्हेंबर १९२७ रोजी ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या दोन बोटी एकाच दिवशी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. कोकणातल्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या पावसाळ्यात बंदच असत. मेअखेरीला शेवटची बोट गेली की बंदरावर शुकशुकाट पसरे, तो पार दर्या शांत होईपर्यंत.

पुढे रस्ते सुधारले, एसटी वाडीवाडीत पोचली आणि बोटी तोट्यात गेल्या. १९९८मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली. तोवर बोटसेवा बंद पडली होती. त्याआधी १९९४मध्ये दमानियांची मुंबई-गोवा कॅटामरान आली होती. २०१८मध्ये ‘आंग्रिया’ आली, विजयदुर्गसमोर भर समुद्रात असलेल्या आंग्रिया प्रवाळ पठाराचं आणि कान्होजी आंग्र्यांचं नाव घेऊन. पण तीही मुंबई ते गोवा अशी थेट जाई. ज्या गावांनी हा दर्या राखला, त्यांना यातून काय मिळालं?

थांबा परत आणणं अशक्य नाही. मांडव्याला लाटा अडवणारा बांध आणि नवी जेटी झाली, आणि मार्च २०२०पासून मुंबईहून रो-रो बोट गाड्यांसकट तिथे लागते. विजयदुर्गला वाघोटण खाडीचं आसरा देणारं तोंड आहे, मराठा आरमाराच्या गोदीची जागा आहे, समुद्रात घुसलेला किल्ला आहे आणि जवळच गिर्येचं रामेश्वराचं देऊळ आहे. चार तास बोट थांबली तरी एवढं सगळं पाहून सोलकढी-भाताचं जेवण होतं. गाळ काढायचा, जेटी नीट राखायची आणि पोचवायला गावातल्याच होड्या लावायच्या. काकू म्हणतात, पडावातून उतरायला लागलं तरी चालेल, गुडघे अजून शाबूत आहेत.