ओळख पटली म्हणजे परवानगी मिळाली का? आभासी होस्ट आणि प्रवेशनियम

समजा, म्हैसूरमधील एका महाविद्यालयाच्या एकाच सर्व्हरवर ग्रंथालय, निकाल आणि वसतिगृह अशी तीन संकेतस्थळे आहेत. आयपी पत्ता एकच असला, तरी ब्राउझर प्रत्येक विनंतीच्या ‘होस्ट’ हेडरमध्ये हव्या असलेल्या संकेतस्थळाचे नाव पाठवतो. त्यावरून सर्व्हर त्या संकेतस्थळाची मांडणी निवडतो. या स्वतंत्र मांडणीला आभासी होस्ट (व्हर्च्युअल होस्ट) म्हणतात.

तिन्ही ठिकाणी एकाच लॉगिनवर काम व्हावे यासाठी लेमन-एलडॅप-एनजी हे मुक्त सॉफ्टवेअर वापरता येते. त्याचा ‘हँडलर’ हा भाग प्रत्येक विनंतीतील कुकी तपासतो. कुकी नसेल, तर वापरकर्त्याला लॉगिनच्या पानाकडे पाठवले जाते. येथपर्यंतचे काम म्हणजे प्रमाणीकरण, अर्थात ‘तुम्ही कोण?’. ‘तुम्हाला हे पान पाहता येईल का?’ हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर त्या आभासी होस्टचे प्रवेशनियम देतात.

प्रत्येक नियमाचे दोन भाग असतात: पत्त्याचा नमुना आणि अट. ‘निकाल’ या होस्टसाठी असे नियम लिहिता येतील:

०१. ‘/गुणनोंद’ने सुरू होणारे पत्ते: फक्त शिक्षक गट
०२. ‘/गुणपत्रक’ने सुरू होणारे पत्ते: ॲक्सेप्ट
डीफॉल्ट: डिनाय

‘ॲक्सेप्ट’चा अर्थ ‘योग्य व्यक्ती’ असा नसून ‘लॉगिन केलेली कोणतीही व्यक्ती’ असा आहे. ‘अनप्रोटेक्ट’ला तर लॉगिनही लागत नाही. डीफॉल्टला ‘ॲक्सेप्ट’ ठेवले आणि उद्या ‘/गुणदुरुस्ती’ हे नवे पान आले, तर त्याचा नियम लिहीपर्यंत हँडलर प्रत्येक विद्यार्थ्याला तेथे जाऊ देईल. ‘डिनाय’ ठेवल्यास फार तर शिक्षकांची तक्रार येईल. गुण मात्र सुरक्षित राहतील.

क्रमही महत्त्वाचा आहे. जो नियम आधी जुळतो, तोच लागू होतो. नियमांचा क्रम त्यांच्या टिपणीच्या अक्षरक्रमाने ठरतो. अक्षरक्रमात ‘१०’ हे ‘२’च्या आधी येते, म्हणून ०१, ०२ असे दोन अंकी क्रमांक द्यावेत. विशिष्ट नियम आधी आणि व्यापक नियम नंतर ठेवावेत.

लक्षात ठेवा: हे नियम पत्ता पाहतात, पानातील मजकूर नाही. विद्यार्थ्याला फक्त स्वतःचेच गुणपत्रक दिसावे, हे पाहण्याचे काम निकालाच्या प्रणालीचेच आहे.

स्वाध्याय: वरील यादीत ‘/गुण’ने सुरू होणाऱ्या सर्व पत्त्यांना ‘ॲक्सेप्ट’ देणारा नियम ‘००’ क्रमांकाने जोडला, तर काय होईल? कारणासह लिहा.