विषाणू : परक्या पेढीवरचा व्यवहार

जैन तत्त्वविचारात जीव आणि अजीव ही पहिली दोन तत्त्वे. विषाणूला यांपैकी कोठे ठेवावे, हा प्रश्न आधुनिक जीवशास्त्रालाही पडला आहे. १८९२ मध्ये दिमित्री इवानोव्स्की यांना आढळले, की तंबाखूच्या रोगट पानांचा रस जिवाणू अडविणाऱ्या गाळणीतून गाळला, तरी रोग पसरवितोच. १९३५ मध्ये वेंडेल स्टॅन्ली यांनी तोच विषाणू मीठ-साखरेप्रमाणे स्फटिकरूपात मिळविला.

विषाणू म्हणजे प्रथिनांच्या वेष्टनात जपलेला जनुकीय मजकूर. तो खात नाही, श्वसन करीत नाही, स्वबळावर वाढत नाही. पेशीत शिरताच मात्र तिचेच भांडवल वापरून तो आपल्या असंख्य प्रती काढून घेतो. परक्या पेढीवर बसून स्वतःच्या हुंड्या लिहाव्यात, तसा हा प्रकार.

प्रतिजैविके जिवाणूंची स्वतःची यंत्रणा मोडतात. विषाणूपाशी ती नसतेच. म्हणून साध्या सर्दीवर ती निरुपयोगी. उलट अकारण घेतल्यास जिवाणूच त्यांना दाद देईनासे होतात. लस मात्र शरीराच्या पहारेकऱ्यांना शत्रूची ओळख आधीच करून देते.

कपाटातील उरलेल्या गोळ्या मुलांच्या सर्दीवर देण्यापूर्वी एवढा भेद ध्यानी घेतला, तर खऱ्या संकटकाळी तेच औषध कामी येईल.